आंबिया बहाराचा सौदा

हॅलो? … हॅलो, आई? … आवाज तुटून राहिला. खिडकीपाशी ये जरा. … हां, आता येतोय. बोल.

हो, मीच. माझा फोन दीपमाला नाही उचलणार तर कोण उचलणार. … नाही, रडत नाहीये. सर्दी आहे. … अगं खरंच सर्दी आहे, अर्ध्या अकोल्याला आहे.

थांब एक मिनिट, बाहेर येते. अभ्यासिकेत पोरी वाचून राहिल्या, माझाच आवाज होतो. … हां. जिन्यात आले. बोल आता.

कोण येणार आहे? … धर्मपालभाऊ? बगीच्याचे मालक? आजच? … पाच वाजता. … मग तू काय म्हणाली त्यांना? … "दीपमालाले विचारून सांगतो." … आई, मला विचारून काय होणार? मी कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांना नंबर टाकते. झाडावरच्या फळाचा सौदा करून संत्र्याचे बगीचे कुठे घेते मी. … हो, बाबांची मुलगी आहे. बाबांची मुलगी म्हणून मला संत्रं सोलता येतं, तेवढंच.

बरं. बरं, ऐकते. आधी हे सांग, बगीच्याची आज हालत काय आहे? … कोण पाहून आलं? … चंदन? मामाचा चंदन बगीच्यात गेला, ते पॉलिशचे बूट घालून? … मग काय म्हणाला? … अर्ध्याच्या वर गळलं. … झाडाखाली सडा. … हो, वास येणारच, सडतं ते. … जे झाडावर आहे ते? … चुरी. बारीकच सगळं. … हो, समजलं. … नाही, तो खोटं कशाला बोलेल. अमरावतीला शेअरच्या ऑफिसात बसतो, त्याला आपल्या बगीच्यातून काय मिळणार आहे.

आणि धर्मपालभाऊंचं म्हणणं काय? … म्हणजे दुसरा हप्ता आज द्यायचा, नाहीतर बगीचा सोडला म्हणून सांगायचं. … दुसरा कोणी घ्यायला थांबलाय का? … मोर्शीचा व्यापारी. पडत्या भावात. … बरोबर आहे त्यांचं. तेही किती थांबतील, आंबिया बहाराची तोड जवळ आली. बाबा गेल्यापासून थांबलेच आहेत ना ते. दुसऱ्या कोणी तेरवीच्या जेवणातच विचारलं असतं.

आई, हप्ता कशातून देणार आहे तू? … कोणती एफडी? … आई. ती एकच आहे. … नाही, ओरडत नाहीये. जिन्यात आहे, इथे सगळंच मोठं ऐकू येतं.

अगं ऐक ना. … हो, हो, ऐक तर. हप्ता दिला की झालं असं नसतं. मग तोडणारे आले, क्रेट आले, ट्रकचं भाडं आलं. तो सगळा खर्च आधी तुझ्या हातातून जाणार आणि माल विकल्यावर काय येईल ते येईल. त्याला खेळतं भांडवल म्हणतात. धंद्यात रोज फिरत राहणारा पैसा. बाबांजवळ तो होता, तुझ्याजवळ नाही. तुझ्याजवळ एफडी आहे, आणि ती तुझ्या किराण्याची आहे, दवाखान्याची आहे, विजेच्या बिलाची आहे.

कोण म्हणालं? … चंदन. काय म्हणाला तो, त्याच्याच शब्दांत सांग. … लिक्विडिटी. … बरोबर म्हणाला. वस्तूचा पैसा किती लवकर हातात येतो, ते. एफडी मोडली की चार दिवसांत पैसा. घर विकायला काढलं तर वर्ष जाईल. … संत्रं? संत्रं विचित्र आहे. झाडावर आहे तोवर त्याला कोणी पैसा म्हणत नाही आणि तोडलं की थांबू देत नाही. … हो, बाबा म्हणायचे तसंच. तोडलेल्या मालाले भाव मालक सांगत नाही, माशी सांगते.

आणखी काय म्हणाला? … अस्वल? … नाही, ते खरंच म्हणतात. शेअरचा बाजार पडायला लागला की अस्वलाचा बाजार, चढला की बैलाचा. … काहून अस्वल, ते मी काय सांगू. अस्वल वरून खाली पंजा मारतं म्हणे, बैल खालून वर शिंग. … हो, मेळघाटातल्यासारखंच अस्वल. … नाही, आपल्या बगीच्याशी त्याचा काही संबंध नाही. चंदनला सवय लागली आहे. वांगी स्वस्त झाली तरी भावात करेक्शन आलं म्हणतो तो.

हसू नको, त्याचा पुढचा शब्द विचार. … नाही, विचारच. त्याच्यासमोर नुसती मान हलवण्यापेक्षा हे बरं. हो म्हणायचं तर समजून हो, नाही म्हणायचं तर समजून नाही. मला तरी कुठे येत होतं. बँकेचे कागद आले तेव्हा एक ओळ कळेना. आयुष्यभर कथा-कादंबऱ्या वाचल्या, त्यात कोणी वारसाचा फॉर्म भरत नाही. मग आमच्याच कपाटातून काढली पुस्तकं. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाची. डब्याच्या सुटीत वाचत बसायची. … हो, जेवूनच वाचायची. जेवते मी. … तू जेवली का? … आई, दुपारचे साडेतीन वाजून गेले. … बरं, नंतर भांडू.

धंदा मोठा होता, हे कोण नाही म्हणतं. पण मोठा कशाने? ट्रक भरून जायचे ती उलाढाल. किती माल फिरला, किती पैसा हातातून गेला. तोडणाऱ्यांचं, गाडीवाल्याचं, अडत्याचं सगळं देऊन जे घरी आलं तो नफा. … हो, कमीच. … काही वर्षी तर उलटं. … हो ना. त्या वर्षी ते गप्प जेवायचे. भाजीत मीठ नसलं तरी बोलायचे नाहीत. आपल्याला तेवढ्यावरून कळायचं.

घसारा? हा कुठून आला? … मेटाडोर विकायचा म्हणतो चंदन. … हो, विकायलाच पाहिजे, उभा राहून काय करणार. घसारा म्हणजे झीज. वस्तू जुनी होते ना, तर दरवर्षी तिची किंमत थोडी थोडी कमी धरायची. गाडीला, वजनकाट्याला, क्रेटला, सगळ्याला. … नाही, माणसाला नाही लावत. … नाही आई, विधवेलाही नाही. असं काय बोलते.

…

बरं, ऐक. आपण बगीच्याचंच बोलू. तू म्हणते, जोखीम बाबांनी उभा जन्म घेतली, मग आताच काहून नाही. ऐक. जोखीम म्हणजे नुसता धोका नाही. पुढे काय होईल ते आज माहीत नसणं, आणि वाईट झालं तर ते आपल्याला झेपणं. दोन्ही मिळून. बाबांना झेपत होतं, कारण दरवर्षी चार-पाच बगीचे असायचे हाताशी. एकात गेलं की दुसऱ्यात निघायचं. यंदा हा एकच आहे. आणि पुढच्या वर्षी एकही नाही. तुझं गेलं तर ते कशात भरून काढणार तू?

… नाही, मी आहे ना म्हणून नाही. माझ्या पगारावर तू एक दिवस राहणार नाही, मला माहीत आहे.

हो, इसार दिलेला आहे, मला माहीत आहे. सौदा पक्का केला तेव्हाच दिला बाबांनी. बगीचा सोडला तर तो परत येत नाही, तेही माहीत आहे. … अगं ऐक ना. … हो, हो, मोठी रक्कम आहे. पण ती गेली. बगीचा घेतला तरी ती तुझ्या हातात येत नाही, सोडला तरी येत नाही. याला बुडीत खर्च म्हणतात. आणि सगळ्या पुस्तकांत एकच गोष्ट लिहिली आहे, की पुढचं ठरवताना गेलेलं मोजायचं नाही. आता किती जाईल आणि आता किती येईल, एवढंच पाहायचं. जे गेलं ते…

…

नाही. तसं नाही म्हणाले मी. … आई, मी पैशाबद्दल बोलून राहिली. … पुस्तकात पैशापुरतंच लिहिलं आहे. … कसं शक्य आहे. मीही मोजतेच की. परवा दुकानात चष्म्याची दोरी पाहिली आणि बाबांसाठी म्हणून हातात घेतली. मग परत ठेवली. … हो. … नाही, ते कोणालाच जमत नाही. पुस्तक लिहिणाऱ्यालाही जमलं नसेल.

नाक पूस. … मीही पुसते.

हं. बोल. … बाबांचा शब्द. हो, त्यांनी कधी सौदा मोडला नाही. गारपिटीच्या वर्षीही नाही, माहीत आहे मला. पण शब्द त्यांचा होता. ते असते तर शेताच्या धुऱ्यावर बसून धर्मपालभाऊंशी बोलले असते, भाऊ पाहा, फळ गेलं, थोडं तुमी सोडा थोडं मी सोडतो. त्यांचा शब्द त्यांना वाकवता येत होता. आपल्याला नाही येत. आपण तो मोडू तरी, नाहीतर त्याच्याखाली दबू तरी.

… हो, कळत होतं त्यांना फळ. … हो, सगळं वरूड म्हणायचं. झाडाखाली उभं राहून वर पाहिलं की किती क्रेट निघतील ते सांगायचे. … हो, मी पाहिलं आहे. … पण हा सौदा … जाऊ दे.

काही नाही. … काही नाही म्हटलं ना. … अगं, चंदनने मला भाव सांगितला, बाबांनी लावलेला. मला तेव्हाच … आई, मला हे बोलायला लावू नको.

तो भाव त्या बगीच्याचा नव्हता, एवढंच. … गळ तर नंतर लागली. भाव त्याच्या आधीचाच जास्त होता. चंदन म्हणतो, त्या लायनीत कोणी तेवढा लावला नाही. … नाही, बाबा फसणारे नव्हते. कोणी फसवलंही नाही.

तू उभी आहे का? … मग बस. खुर्ची घे. … बसली? … ऐक, रागावू नको. बाबांना दिसत नव्हतं.

…

ऐकू येतंय ना? … डावा डोळा तर गेलाच होता. उजव्याने मधलं काही दिसत नव्हतं, कडेकडेचं तेवढं. साखरेने पडदा खराब झालेला. तू बाहेर बाकावर होती तेव्हा डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं होतं, आणि बाबा मागून बोलले, तुह्या आईले सांगू नको, ती घाबरते. म्हणून नाही सांगितलं. … तो बगीचा त्यांनी पूर्वी घेतलेला होता, बरोबर? मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी तो जुनाच बगीचा पाहिला. डोक्यातला. आणि त्याचा भाव लावला.

आई? … हॅलो? … आहे ना तू? … काय?

तुला माहीत होतं. … कधीपासून? … उन्हाळ्यापासून. … ताटात वाटी शोधायला बोटं फिरवायचे. … हो. … पेपर उलटा धरून बसायचे. … आणि तू काही बोलली नाही? … पेपर सरळ करून द्यायची. … बरं.

मग मला काहून नाही सांगितलं? … बाबांनी नाही सांगू दिलं. … काय म्हणाले? … "पोरगी घाबरते."

… नाही, हसून राहिली मी. दोघींनाही एकच गोष्ट सांगितली, आणि आपण दोघीही ती पाळत बसलो. तेरवी झाली तरी पाळत बसलो.

मग त्या दिवशी … थांब. तू होती ना सोबत त्या दिवशी. अमरावतीहून डोळे दाखवून येताना. मला एवढंच माहीत आहे की मोर्शी सोडल्यावर ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली आणि सौदा करूनच घरी आले. … सांग. … घाई नाही, पावणेचार-चार होऊन राहिले, पाचला अजून वेळ आहे. सांग.

तुला आत नेलं? … तुला? बगीच्यात? … त्यांनी तर जन्मात कोणाला नेलं नाही. मी लहान असताना हट्ट केला तरी गाडीतच बसवलं होतं. … तुझा हात धरून. … लोकांना वाटलं असेल बायको थकली म्हणून आधार देऊन राहिले. … हो. आणि आधार तूच देत होती.

धर्मपालभाऊ कुठे होते? … कुत्रं बांधायला मागे राहिले. … मग? … मग बाबांनी विचारलं. … काय विचारलं, त्यांच्याच शब्दांत सांग. … "बेबी, कसं दिसते व फळ?"

…

आणि तू काय म्हणाली?

… "लोंबून राहिलं जी."

… रड. रडून घे. मी आहे फोनवर.

… हो. … हो. … दिसत होतं ना तुला तसं? … मग जे दिसत होतं तेच सांगितलं तू. … रस्त्याकडच्या दोन ओळी पाहिल्या. बरं. मग? आतल्या ओळी पाहायच्या असतात, झाडाच्या पोटात पाहायचं असतं, हे तुला कोणी शिकवलं होतं? पस्तीस वर्षं बगीचे पाहायला जाताना गाडीत तरी बसवलं का त्यांनी तुला? … त्यांनी विचारायला नको होतं. … हो, म्हणते मी. नको होतं विचारायला. एवढा मोठा सौदा, तुझ्या एका वाक्यावर. … नाही, वाईट नाही म्हणत त्यांना. थोडी रागावते आहे. ते असते तर मी फोन करून त्यांच्यावर रागावले असते. आता कुठे रागावू.

म्हणून तू एफडी मोडायला निघाली होती? … दंड भरल्यासारखी? … आई, असा हिशेब कुठेच नसतो. कोणत्याच पुस्तकात नाही.

ऐक माझं. … अगं ऐक ना. भाव कोण बोललं? बाबा. तू नाही. तू फक्त सांगितलं की झाड भरलेलं आहे. ते जुलैत सांगितलं. गळ लागली भादव्यात, पाऊस उघडेना तेव्हा. तू पाहिलं तेव्हा फळ झाडावर होतं. दोन्ही डोळ्यांनी धड दिसणाऱ्यांनी घेतलेले बगीचेही गळले यंदा, चंदनला विचार. … हो. … आतल्या ओळींतही असेलच तेव्हा. … हो, खात्रीने सांगते. … मला कसं माहीत? … नाही माहीत. तरी सांगते.

पाणी पी. … पिऊन ये, मी थांबते.

…

हं. … मग सोडायचा ना बगीचा? … सोडायचा. … चंदन याला स्टॉप लॉस म्हणाला असेल. … म्हणालाच. किती नुकसान सोसायचं ते आधी ठरवायचं, तिथवर आलं की मागे न बघता बाहेर पडायचं. … हो, न बघता ते जरा अवघडच आहे.

आता काय राहिलं? … गुडविल. … हे कशावर म्हणाला तो? … "आत्या, बगीचा सोडला की फुफाजीची गुडविल जाईन, पण आता तिचं काय करायचं." … असं म्हणाला. … अगं, गुडविल म्हणजे नावाची किंमत. समज, कोणी धंदा विकत घेतला. काटा, गाडी, क्रेट, सगळ्याची किंमत धरून झाली, आणि तरी तो वर थोडे जास्त पैसे देतो. कशाचे? तर नावाचे. लोक या नावावर विश्वास ठेवतात म्हणून. … हो, हात लावता येत नाही, तरी ताळेबंदात मांडतात. … माणूस गेल्यावर? भागीदारी असेल तर त्याच्या वाट्याचं घरच्यांना मिळतं. एकट्याचा धंदा असेल तर … ते नाही वाचलं मी. लिहिलं असेल कुठेतरी.

पण आई, धंदाच करायचा नाही आपल्याला. मग नाव राहिलं काय आणि … कोणासाठी? … हं. … हं. … नाही, बोल तू. मी मध्ये नाही बोलत.

… समजलं. मंडीत लोक म्हणतील, वामनरावाचा शेवटचा सौदा फसला. आणि मग कोणीतरी खोदून काढेल, काहून फसला. … आणि मग म्हणतील, आंधळ्यानं बगीचा घेतला. … हो. हसतील. चहाच्या टपरीवर नक्कल करतील. … नको. ते मलाही नको.

मग काय सांगायचं धर्मपालभाऊंना? … परत सांग. … "बाईले जमलं नाही." … "नवरा गेला, बाई भ्याली, हातचा बगीचा सोडला." … असं तू सांगणार? … सौदा बरोबर होता, भाव बरोबर होता, मीच भ्याली. … आई, लोक मग तुलाच बोलतील. वरूड आहे ते, दिवाळीपर्यंत चघळतील. वामनरावानं कमावलं आणि बायकोनं महिन्याभरात बुडवलं, असं म्हणतील. तुझ्या तोंडावर म्हणतील. … हो, "म्हणू दे" हे तुझं ठीक आहे, पण …

चंदनलाही हेच? तो तर स्वतः पाहून आला, त्याला भाव माहीत आहे. … बरं. त्यालाही हेच.

मला नाही आवडलं हे. … पण तू मला विचारून नाही करून राहिली. … हो, विचारायलाच फोन केला होता, खरं. ते शब्द विचारायला. हे तुझं तू ठरवलं. … नाही, रागावले नाही.

कोणी मला विचारलं तर? … मीही तेच सांगेन. … जमेल. … आत्ता म्हणून दाखवू? … आई भ्याली. … म्हटलं. … हो, थोडा अडकला आवाज. सर्दी आहे ना.

काय झालं? … गाडी? … आत्ताच आले? पाच कुठे वाजले. … बरं, रस्त्यावरच असतील. पदर घे नीट, तोंडावर पाणी मार. … अगं फोन बंद करू नको. तसाच चालू ठेव, टेबलावर. मी नाही बोलणार, नुसती ऐकते. … नाही, त्यांना सांगायची गरज नाही. … जा.

…

…

हां मॅडम, येते. पाच मिनिटं द्या. … नाही, बोलत नाहीये. ऐकते आहे.

…

…

…

हॅलो. … हो, आहे. … ऐकलं, तुझं सगळं ऐकलं. … नाही, आवाज नाही कापला तुझा. ते काय बोलले ते नाही आलं, ते हळू बोलतात. तुझं आलं. … गेले का? … अंगणात आहेत. हात धुऊन राहिले. … चहा घेतो म्हणाले. बरं झालं.

आई, एक सांगू? "मी भ्याली" हे एकदा म्हटलं असतं तरी झालं असतं. तू तीनदा म्हणाली.

… पहिल्यांदा त्यांना पटलं नाही. … दुसऱ्यांदा म्हणाले, "वहिनी, भाव भारीच लावला होता भाऊनं, मले तवाच वाटलं होतं." … म्हणाले तसं. … मग? … मग तू म्हणाली, भारी नव्हता भाऊ, बरोबर होता. मीच भ्याली. … हो, ते ऐकलं मी. ते मोठ्याने म्हणाली तू. … मग ते? … खाली पाहिलं आणि टोपी काढली. … हं.

… नाही, आहे मी. ऐकते आहे.

जा आता, आत या म्हण त्यांना. चहात साखर टाकजो त्यांच्या. आपल्या घरी सवय नाही राहिली. … हो. … जेवून घेजो ते गेल्यावर. … हो, मी शनिवारी येते. … ठेव आता.

… नाही, मी नाही ठेवत. तू ठेव.